पोचल्याची वेळ

"मग मी पोचले केव्हा, तेवढं सांगा," फोनवरच्या बाई म्हणाल्या, आणि उत्तर जिभेच्या टोकावर असूनही ते त्याच्या तोंडातून बाहेर पडेना. असं त्याचं कधी होत नसे. एरवी हे उत्तर त्याने झोपेतही दिलं असतं. विमान कंपनीच्या नुकसानभरपाई खात्यात त्याचं अख्खं तारुण्य गेलं होतं, आणि त्या तारुण्याचं सार काढायला कोणी बसलाच असता तर ते एका वाक्यात निघालं असतं: विमान पोचलं असं केव्हा धरायचं, तर दार उघडलं तेव्हा. चाकं जमिनीला टेकली तेव्हा नाही, वैमानिकाने आभार मानले तेव्हा नाही, लोक पट्टे सोडून उभे राहिले आणि दुसऱ्याच्या डोक्यावरून आपल्या बॅगा ओढू लागले तेव्हाही नाही. दार उघडलं तेव्हा. ती वेळ तीन तासांच्या उशिरापलीकडे गेली असली तर प्रवाशाला भरपाई, अलीकडे राहिली तर कंपनीची दिलगिरी, आणि दिलगिरीला काही पडत नाही. खात्यात सगळे त्याला दरवान म्हणत, तोंडावरसुद्धा, आणि त्याला त्याचा राग नव्हता. खरं सांगायचं तर थोडा अभिमानच होता. वादळं, बिघाड, संप, धुकं यांवर बाकीचे दिवसदिवस वाद घालत बसायचे, आणि हा मात्र आधी दाराची वेळ काढून निम्म्या भांडणांतली हवाच काढून घ्यायचा. या बाईंनाही त्याने गेल्या आठवड्यात रीतसर उत्तर पाठवलं होतं. दार तीन तासांच्या थोडं अलीकडेच उघडलं होतं. विषय संपला होता. आता त्या फोनवर होत्या आणि त्यांच्या आवाजात भांडण नव्हतं, हीच अडचण होती. भांडणाऱ्यांशी कसं बोलायचं ते त्याला ठाऊक होतं.

"दार उघडलं हो, मी कुठे नाही म्हणते," बाई सांगत होत्या. "मी दुसऱ्याच रांगेत होते. गार वारा आला आत, तो अंगाला लागला माझ्या. पण मला चालता येत नाही ना. चाकांची खुर्ची येईपर्यंत बसा म्हणाले, बसले. सगळे उतरून गेले. झाडणाऱ्या आल्या. त्यांनी माझ्या पायाखाली झाडलं, मी पाय वर घेतले. वैमानिक निघाला, मला बघून म्हणाला, अजून आहात का? मी म्हटलं, आहे बाबा, कुठे जाऊ. खुर्ची येईपर्यंत तुमचे ते तीन तास कधीच उलटून गेले होते. पण पैशाचं राहू दे. बाहेर माझी धाकटी बहीण उभी होती. आमचं कैक वर्षं बोलणं नव्हतं. कारण विचारू नका, मला आता नीट आठवत नाही, तिला सगळं आठवतं. मी येते म्हटलं, ती घ्यायला येते म्हणाली. तिथे फलकावर लागलं, विमान पोचलं. माणसं बाहेर आली, संपली. तिला वाटलं, हिने ऐन वेळी मन बदललं, ही काही आलेली नाही. गेली निघून. माझ्या फोनमध्ये तोवर जीव नव्हता राहिला. आता ती म्हणते, तू आली नव्हतीस. मी म्हणते, आले होते. तुम्ही कंपनीचे, तुम्हीच सांगा. मी पोचले केव्हा?"

तो म्हणाला, "पूर्ण नियम बघून तुम्हाला आजच कळवतो." हे तो सगळ्यांनाच म्हणायचा, वेळ मारून न्यायला. पण फोन ठेवल्यावर त्याने पुढची फाइल ओढली नाही. त्याच्या डोक्यात नियम नव्हता, पाय होते. झाडणाऱ्या आल्या, मी पाय वर घेतले. हे त्याने आजच कुठेतरी पाहिलं होतं, आणि कुठे ते आठवायला त्याला फार लांब जावं लागलं नाही. सकाळी तो बाहेरच्या खोलीत झाडत असताना आत्याने खुर्चीत बसल्याबसल्या दोन्ही पाय असेच उचलून धरले होते. शाळेतल्या मुलीसारखे, जोडून, हवेत. तो म्हणाला होता, राहू दे गं, मी बाजूने काढतो. ती म्हणाली होती, नाही, तुझं होऊ दे. आणि पाय तसेच वर धरून, जसं काही त्या उचललेल्या पायांशी त्याचा संबंधच नाही अशा आवाजात, तिने विचारलं होतं, "उद्या शनिवार ना? मला परत सोडशील का रे घुम्या, माझ्या जागेवर?" आणि याने, म्हणजे ज्याचं अख्खं आयुष्य लोक केव्हा आले ते ठरवण्यात गेलं त्या माणसाने, केराची सुपली हातात धरून म्हटलं होतं, "बघू."

घुम्या हे नाव त्याला तिनेच ठेवलं होतं. आता तो पन्नाशीला आला होता आणि त्या नावाने हाक मारणारं जगात एकच माणूस उरलं होतं. पंधरवड्यापूर्वी ते माणूस आपल्या न्हाणीघरात पडलं, आणि शेजारणीला कळेपर्यंत दुपार झाली. हाड मोडलं नाही, नशीब. पण वाकणं, हात वर करणं, जिना चढणं, हे सगळं त्या पडण्यात गेलं. तो गाडी घेऊन गेला, म्हणाला, चल. किती दिवसांसाठी ते तो बोलला नाही, कारण त्याच्या मते ते उघड होतं. आणि तिनेही विचारलं नाही, कारण विचारायची तिला सवय नव्हती. त्याने दार उघडलं, तिला हाताला धरून आत घेतलं, ही खोली तुझी म्हणून दाखवली, बॅग पायात येऊ नये म्हणून उचलून कपाटावर टाकली आणि चहा ठेवला. त्याच्या हिशेबी ती पोचली. त्यानंतर तिच्या अंगावर तोच राखी स्वेटर दिसत राहिला आणि ती आपल्या खोलीत न बसता बाहेरच्या दाराजवळच्या खुर्चीत बसू लागली, जिथे आपण मीटर तपासायला आलेल्या माणसाला बसवतो तिथे. चार दिवसांपूर्वी बायको म्हणाली होती, "अरे, आत्यांनी बॅग अजून उघडलेलीच नाही." तो म्हणाला होता, "मन लागत नसेल. लागेल हळूहळू." बायकोने मग ते तिचं ठेवणीतलं वाक्य काढलं होतं, की तू लग्नाला वेळेवर आलास पण घरात यायला तुला तीन वर्षं लागली, तेव्हा तुला कळायला पाहिजे. तो हसला होता. नवराबायकोतल्या विनोदांना हसून मोकळं व्हायचं असतं, त्यांचा विचार करत बसलं तर संसार व्हायचे नाहीत.

पण आज तो विचार करत बसला. समोरच्या काचेबाहेर दूरवर एक विमान धावपट्टीवरून वळत होतं, मुंगीएवढं, आणि त्याला कळेना की त्या विमानातली माणसं या क्षणी कुठे आहेत असं म्हणायचं. माणूस एखाद्या जागी असतो म्हणजे नक्की काय असतं? तो स्वतः आत्याच्या घरी केव्हा पोचला होता? हा प्रश्न त्याला इतक्या वर्षांत कोणी विचारला नव्हता, आणि विचारता क्षणी त्याचं उत्तर असं समोर आलं की त्याला जरा भीतीच वाटली. आई गेली, वडील बोटीवर कामाला, आणि एक दिवस कोणीतरी त्याला आणि त्याच्या पत्र्याच्या ट्रंकेला आत्याच्या दारात सोडून गेलं. आठ-नऊ वर्षांचा असेल. दार उघडंच होतं. आत दिवा होता, शिजल्याचा वास होता, आतोबांच्या खोकण्याचा आवाज होता. आणि तो आत गेला नाही. रुसून नाही, घाबरूनही नाही. त्याला आपलं असं वाटत होतं की आत गेलं की मग ते खरं होईल. तो पायरीवर बसला. आत्या बाहेर आली, त्याच्याकडे बघितलं, चल म्हणाली नाही. शेजारी बसली. मांडीवर परात घेऊन तिने पायरीवरच शेंगा सोलल्या, दाणे एकीकडे, टरफलं एकीकडे, जसं काही ही तिची रोजचीच जागा आहे. थंडी होती. मागे दार सताड उघडं. आतून आतोबा ओरडले, "अगं दार लाव की, घर गारठतंय." आणि ती मान न वळवता म्हणाली, "लावते. सगळे आले की लावते."

पुढचं त्याला तुकड्यातुकड्यांनी आठवत होतं. अंधार पडता पडता कधीतरी तो आत गेला असणार. पण ट्रंक त्याने उघडली नव्हती, हे मात्र लख्ख आठवत होतं. ट्रंक घरातल्या बोळात मधोमध पडलेली होती आणि आत्या ती कोणालाही हलवू देत नव्हती. आतोबा तिला अडखळले, अंगठा धरून एका पायावर नाचले आणि त्यांनी त्या ट्रंकेच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. दूधवाला अडखळला. आत्या स्वतः दिवसातून कितीदा तिला वळसा घालून जायची. आणि एका सकाळी त्याने आपणहून कडी काढली, वरचा सदरा काढला आणि विचारलं, हा कुठे ठेवू? आत्याने हातातलं काम टाकून त्याला एक खण दाखवला. तो खण आधीच रिकामा करून ठेवलेला होता, आत नवा कागद घातलेला होता. किती दिवस तो तसा रिकामा वाट बघत होता कोण जाणे. म्हणजे आपण त्या सकाळी पोचलो, त्याने टेबलाशी बसून ठरवलं. दार आधीपासूनच उघडं होतं, त्याचा काही संबंध नाही. आणि हे त्याच्या आजवरच्या सगळ्या पत्रांच्या विरुद्ध होतं.

मग त्याने मूळ नियम काढला. तो त्याने कितीतरी वर्षांत वाचला नव्हता. तोंडपाठ असलेली गोष्ट कोण वाचतं. आणि तिथे ते होतं, त्याच वाक्यात, दाराच्या पुढच्याच श्वासात: दार उघडलं, आणि त्याच वेळी प्रवाशांना उतरण्याची मोकळीक झाली, ती वेळ. आपण हा दुसरा तुकडा केव्हा गाळला ते त्याला आठवेना. लबाडीने नक्कीच नाही. सुरुवातीला तो पूर्ण वाक्य लिहीत असणार. मग पत्रं आटोपशीर करताना कधीतरी त्याला वाटलं असणार, दार उघडलं की माणूस उतरणारच, हे काय वेगळं लिहायचं. त्याला हसू आलं. अपराधी वाटायला हवं होतं, तेही जरा वाटलं, पण त्याहून जास्त त्याला नवल वाटत होतं, घरात इतकी वर्षं राहून एखादी खिडकी आजच दिसावी तसं. तो उठून साहेबांकडे गेला.

"दार उघडलं का?" साहेब मान वर न करता म्हणाले.

"उघडलं."

"मग? दरवान, तुझ्या दाराला आज काय झालं?"

"त्यांना उतरता येत नव्हतं. खुर्चीच आली नव्हती. उतरण्याची मोकळीक हवी, असं आहे त्यात."

"बाकीच्यांना होती ना?"

"बाकीचे बाकीचे झाले, साहेब. तिकीट प्रत्येकाचं वेगळं असतं."

साहेबांनी आता मान वर केली. याच्याकडून असं काही ऐकायची त्यांना सवय नव्हती. कंपनीचा पैसा वाचवण्यात दरवानाचा हात कोणी धरू शकत नव्हतं, आणि आज हाच उलटी गंगा वाहवत होता. "एकाच विमानाच्या दोन वेळा धरायच्या आपण? उद्या लोक म्हणतील, माझा पाय झोपला होता म्हणून मी उशिरा पोचलो," ते म्हणाले, पण म्हणता म्हणता त्यांनाही ते कुठेतरी पटलेलं दिसलं, किंवा निदान जेवायच्या सुट्टीआधी वाद नको होता. "लिहून आण. बघतो मी."

त्याने बाईंना फोन लावला. भरपाईचं वर मांडलंय, साहेब बघतील, असं सांगितलं. त्या म्हणाल्या, "ते असू दे. पोचले केव्हा?" तो म्हणाला, "तुम्हाला खुर्चीत घालून खाली उतरवलं तेव्हा. त्याआधी नाही. विमान आधी आलं, तुम्ही मागाहून." त्याला वाटलं, बाई खूश झाल्या असतील, बहिणीला आता कंपनीचा दाखला देऊन गप्प करतील. पण बाई हळूच म्हणाल्या, "म्हणजे बहीण बाहेर उभी होती तेव्हा मी आलेच नव्हते."

"तसं म्हणा."

"म्हणजे तिचंच खरं की हो." आणि त्या हसल्या, अगदी मनापासून, खोकला लागेपर्यंत. "सांगते तिला. तुझं बरोबर होतं, मी नव्हते आले, म्हणते. तिला आयुष्यात मी हे वाक्य कधी ऐकवलेलं नाही हो. ती नुसती बघतच राहील. आणि मग म्हणते, पण आता आलेय." त्यांनी फोन ठेवला तोसुद्धा न विचारता, घाईने, दुसरा लावायचा असल्यासारखा. याच्या कानाशी रिसीव्हर तसाच राहिला. आपण चुकलो असं म्हणून एवढं हलकं होता येतं, हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं.

त्या दिवशी तो वेळेआधी निघाला. बसमध्ये उभ्या उभ्या तो आत्याचा विचार करत होता, आणि तो विचार नेहमीसारखा नव्हता. नेहमीच्या विचारात काळजी असे, औषधं असत, थोडा कंटाळाही असे, तो नाकारण्यात अर्थ नाही. आज त्यात कुतूहल होतं. ती कुठे आहे? दार तर आपण उघडलं. मग तिची खुर्ची कुठली आली नाही? मन लागत नाही म्हणजे काय असतं, मन काय डिंकाने चिकटवायचं असतं का, की लागेल हळूहळू? शेजारी उभ्या असलेल्या माणसाने उतरायचं बटण दाबलं, बस थांबली, दार उघडलं, आणि गर्दीत अडकलेला तो माणूस "थांबा, थांबा" म्हणेपर्यंत दार पुन्हा लागलं. एरवी याचं लक्षही गेलं नसतं. आज याने हात लांब करून पुढच्यांना बाजूला सारलं आणि चालकाला ओरडून सांगितलं, आणि तो माणूस उतरून गेल्यावर लोक आपल्याकडे का बघताहेत ते त्याला थोडा वेळ कळलं नाही. त्याला आता एकच गोष्ट नीट कळत होती. उद्या ती गेली तर पुन्हा येणार नाही. ती त्या न्हाणीघरात पुन्हा पडेल, आणि त्या वेळी शेजारीण घरी असेलच असं नाही. आणि त्याला आत्या हवी होती. उपकार फेडायला नाही. नुसती हवी होती, घरात, घुम्या म्हणायला.

घराचं दार त्याने किल्लीने उघडलं आणि लावायचं विसरला. आत्या दाराजवळच्या खुर्चीतच होती, राखी स्वेटरमध्ये, हातपिशवी मांडीवर. स्वयंपाकघरात बायको भांडी काढत होती. तो आत्याच्या शेजारी खाली जमिनीवर बसला, अंगातला कोटही न काढता. ती त्याच्याकडे बघत राहिली.

"बरं नाही का रे?"

"बरा आहे. आत्या, तू उद्या का जातेस?"

"का म्हणजे? पंधरा दिवस झाले की. पाहुण्याने किती राहायचं त्याला काही सुमार आहे की नाही?"

"पाहुणी कोण म्हणालं तुला?"

ती बोटांनी पिशवीचा बंद सरळ करत राहिली. तो घुम्या असेल, पण घुमेपणा त्याने उचलला कोणाचा हे आता त्याच्या लक्षात येत होतं. "कोणी म्हणायला कशाला पाहिजे," ती शेवटी म्हणाली. "माणसाला कळतं."

"बॅगसुद्धा उघडली नाहीस तू."

तिने मान वर केली, आणि तिच्या चेहऱ्यावर राग होता, चांगला जुना, आतोबांना गप्प करणारा राग. "मी उघडली नाही? तू ती कपाटावर टाकलीस. आल्या आल्या, चहासुद्धा व्हायच्या आत. माझा हात खांद्याच्या वर जात नाही, तुला माहितीय. रोज सकाळी उठून बघते तिच्याकडे, ती माझ्याकडे बघते. मी म्हटलं, हिला खाली राहायला जागा नाही, म्हणजे मला काय सांगायचं ते सांगून झालं. मग कशाला सूनबाईला त्रास, हे काढ आणि ते काढ? दोन लुगडी पिशवीत होती, तीच धुऊन नेसतेय."

पायात येऊ नये म्हणून, असं तो म्हणणार होता. ते अगदी खरं होतं, आणि म्हणूनच त्याला ते म्हणवेना. त्याच्या डोळ्यांसमोर बोळातली ट्रंक आली, आणि एका पायावर नाचणारे आतोबा, आणि कैक दिवस तिला वळसा घालून जाणारी ही बाई. "तुझी ट्रंक मी कधी हलवली नाही," आत्या म्हणाली, आणि आता तिच्या आवाजात राग उरला नव्हता. त्याला रडू आलं. पन्नाशीच्या माणसाला कोट घालून जमिनीवर बसून रडताना कसं बसायचं ते ठाऊक नसतं, म्हणून तो उठला.

खोलीत जाऊन त्याने बॅग उतरवली. ती भलतीच जड होती. त्या दिवशी उचलताना लक्षात आलं नव्हतं. पंधरा दिवसांची धूळ बाहीला लागली. त्याने ती पलंगावर ठेवली, मग आत्याला हात देऊन आत आणलं आणि बॅगेशी बसवलं. मग कपाट उघडलं. कपाटात सगळे खण त्यांच्याच जुन्या चादरींनी आणि नको झालेल्या कोटांनी गच्च भरलेले होते. एकही मोकळा नव्हता. ही खोली तुझी म्हणताना त्याने कपाट उघडूनही बघितलं नव्हतं. तो एकेक चादर ओढून काढू लागला आणि खोलीबाहेरच्या बोळात टाकू लागला, घडी मोडो की राहो, आणि आत्या म्हणाली, "अरे हळू," आणि तो हळू झाला नाही. मधला खण रिकामा झाला. तो तिच्या हाताच्या उंचीवर होता. त्याने पंजाने तो पुसला आणि नवा कागद कुठे मिळेल असा आजूबाजूला बघू लागला.

मागे चेन ओढल्याचा आवाज झाला. तो वळला नाही. मग आत्याचा आवाज आला, "हे कुठे ठेवू रे?"

"इथे," तो म्हणाला. त्याला आणखीही बरंच म्हणायचं होतं.

तेवढ्यात स्वयंपाकघरातून बायको बाहेर आली, चादरींच्या ढिगाला अडखळली, भिंतीला धरून सावरली. "हे काय मांडलंय? आणि बाहेरचं दार कोणी उघडं टाकलंय? घर गारठलं सगळं."

आत्याने एक लोकरीची शाल बॅगेतून काढली, झटकली, तिची बेताची घडी घातली. ती त्याच्या हातात देत तिने बोळाकडे मान वळवली.

"लावून घे गं आता," ती म्हणाली. "आले सगळे."